चिठ्ठीवर लिहिलेली जागा

तांदळाच्या कणीएवढ्या एका गोगलगाईला माझं नाव आहे. मशाई. त्याला लॅटिनचं शेपूट जोडलंय एवढंच. ते नाव आता काढून घेता येत नाही. मी विचारून पाहिलं होतं.

मी संग्रहालयात मदतनीस म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. जंगलातून पोत्यात भरून आलेला पालापाचोळा वाळवायचा, चाळायचा, पांढऱ्या ताटात पसरायचा आणि दिव्याखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातले शंख वेचायचे, हे माझं काम. दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. नवख्या माणसाला ती वाळूच वाटते. सहा महिने डोळे ताणले की वाळू वेगळी आणि शंख वेगळा दिसायला लागतो. मग वेटोळी मोजायची, अंगावरच्या रेघा बघायच्या, आणि शेवटी दात. या बारक्या शंखांच्या तोंडाशी आतून दातांसारखे उंचवटे असतात. कुणाला तीन, कुणाला पाच, कुणाचा एखादा चिरलेला. बहुतेक वेळा त्यावरूनच जात ठरते.

डॉक्टर कवाता आमच्या विभागाच्या प्रमुख. कांबा जमातीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक काचेची कुपी धरली. आत कापसावर शंख, आणि शंखाखाली दुमडलेली चिठ्ठी. कुठे सापडला, किती उंचीवर, कधी, कुणी गोळा केला.

"यातलं महत्त्वाचं काय?" त्यांनी विचारलं.

"शंख," मी म्हटलं.

"शंख फुटला तर पुन्हा जाऊन दुसरा आणता येईल. चिठ्ठी चुकली तर हा नुसता खडा."

मी मान हलवली. कळलं असं मला वाटलं होतं.

मी तैता डोंगरातली, वुंडान्यीच्या वरच्या अंगाची. म्हणून आमच्या डोंगरांचं काम निघालं की डॉक्टर मला पाठवायच्या. गावात माझी थट्टा व्हायची. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "मशाई, गोगलगाईच्या मागे धावून दमतेस की नाही गं?" पण अंगावर संग्रहालयाचं चिन्ह असलेलं खाकी जॅकेट असलं की त्याच बायका मला रस्ता द्यायच्या, हेही मला ठाऊक होतं.

जंगलात एकट्यानं जायचं नाही असा आमचा नियम. माझ्याबरोबर असायचे म्झे मघांगा. वडीलधाऱ्याला आमच्याकडे म्झे म्हणतात, आणि मघांगांना तर त्यांच्याहून मोठी माणसंही म्झे म्हणायची. साठीच्या आसपासचे, पूर्वी जंगलखात्यात पहारेकरी, माझ्या वडिलांचे बालमित्र. वडील गेल्यावर मला शिकू द्यावं म्हणून माझ्या काकांशी भांडले होते. कुठल्या ओंडक्याखाली ओल टिकते, कुठल्या खडकाच्या सावलीत पानं कुजतात, हे त्यांना न बघता कळायचं. चाळणीतला बारीक शंख भिंगाशिवाय दाखवायचे. "तो बघ," म्हणायचे, आणि मी पाच मिनिटं शोधत बसायची.

त्या वर्षी डॉक्टरांना म्वारंगू शिखरावरचा पालापाचोळा हवा होता. तीन तासांची चढण. चार दिवस पावसात गेले, गाडी रविवारी न्यायला येणार होती, म्हणजे शनिवार एवढाच दिवस उरला. आणि शनिवारी माझ्या चुलत बहिणीच्या सासरचे बकऱ्या घेऊन लग्नाची बोलणी पक्की करायला येणार होते. सगळं गाव जमणार, मोंबासाचे पाहुणे येणार.

मला तिथे दिसायचं होतं. कारण इतकंच. आई आजारी होती, रस्ता वाहून गेला होता, असलं काही असतं तर सांगायला तरी बरं. मला त्या पाहुण्यांसमोर ते जॅकेट घालून उभं राहायचं होतं.

शनिवारी सकाळी म्झे मघांगा दाराशी आले. कोयता, चाळणी, खांद्यावर रिकामी पोती.

"डॉक्टरांचा निरोप आलाय," मी म्हटलं. "शिखराचं रद्द."

"बरं," ते म्हणाले. पोती माझ्या ओसरीवर ठेवली आणि गेले.

समारंभ झाला. जॅकेटबद्दल दोघांनी विचारलं, तिसऱ्यानं विचारलं नाही. दुपार कलल्यावर मला त्या पोत्यांची आठवण आली. रिकामं पोतं घेऊन गाडीत कसं बसायचं? आमच्या घरामागच्या उतारावर आमच्या कुळाची देवराई आहे, आम्ही तिला फिघी म्हणतो. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही. आत जायचं तर म्हाताऱ्यांची परवानगी लागते, आणि बाईमाणसानं परवानगी मागितल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. पण ती जवळ होती, सगळं गाव मांडवात होतं, आणि पालापाचोळा काय, इथून तिथून पालापाचोळाच. मी अर्ध्या तासात पोतं भरलं. मग घरी बसून चिठ्ठी लिहिली. म्वारंगू शिखर. उंची नकाशावरून घेतली. गोळा करणारे दोघं लिहायचे असतात, म्हणून लिहिलं, मशाई आणि मघांगा.

अक्षर अगदी सुंदर आलं होतं. अजूनही ती चिठ्ठी आहे.

सात महिन्यांनी ते पोतं चाळायची पाळी आली, माझ्याच ताटात. तीन शंख निघाले, पांढरे, काचेसारखे. मी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चार दात, उजवीकडचा चिरलेला. प्रकाश तिरका केला तर आत खोल एक बारका पाचवा. असा शंख मी कधी पाहिला नव्हता. मी डॉक्टरांना हाक मारली. त्या खूप वेळ बघत राहिल्या.

"मशाई," डोळे न काढता म्हणाल्या, "चहा ठेव. आज घरी जायला उशीर होणार."

त्यांनी त्यातला एक हातात घेऊन चिठ्ठी वाचली तेव्हा मी बोलायला हवं होतं. किटलीत पाणी ओततानाही बोलता आलं असतं. मला वाटलं, आधीपासून माहीत असलेलीच जात निघेल, मग कशाला सांगायचं. एक वर्ष डॉक्टर कपाटातला खण न् खण काढून ताडून पाहत होत्या, परदेशातून शंख मागवत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, निघू दे, जुनीच निघू दे. नाही निघाली.

"तुझं नाव देतेय हिला," एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या.

"माझं नको. म्झेंचं द्या. तेच जास्त..."

"लाजू नकोस. पोतं तू वाहून आणलंस, शंख तू ओळखलास. उगाच कुणाला देत नाही मी नाव."

छापून आल्यावर गावच्या चर्चमध्ये ते वाचून दाखवलं. आईनं नवा कांगा नेसला होता. मामी म्हणाली, "झालं, आता हिला नवरा नको, गोगलगाय मिळाली." सगळे हसले. म्झे मघांगा मागच्या बाकावरून उठून आले, माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुझा बाप असायला हवा होता," म्हणाले. मग विचारलं, "कुठे सापडली गं ही?"

"म्वारंगूवर," मी म्हटलं.

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं, आणि मान हलवली. मी त्यांच्याशिवाय कुणाबरोबर तरी गेले असेन असंच त्यांना वाटलं असणार.

आता डॉक्टरांना जिवंत गोगलगाय हवी होती. आमच्याकडे नुसते रिकामे शंख होते. डॉक्टर, मी आणि म्झे मघांगा दोनदा म्वारंगूवर गेलो, काही नाही. तिसऱ्या खेपेला धुकं इतकं होतं की चार हातांवरचं झाड दिसेना. डॉक्टर एका खडकावर टेकल्या, भिजलेल्या, थकलेल्या.

"मशाई, नीट आठव. नेमकी जागा कुठली?"

मी भोवती पाहिलं. सगळीकडे शेवाळलेले खडक. आणि मी म्हटलं, "इथेच कुठेतरी. जागा म्झेंनीच दाखवली होती."

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात परत घेतलं असेल, सांगता येत नाही.

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "म्झे, त्या शनिवारी तुम्ही हिच्याबरोबर होतात. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. कुठे भरलं होतं पोतं?"

म्झे मघांगांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गुरं मोजताना एक कमी भरलं की माणूस पुन्हा पहिल्यापासून मोजतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांची मोजणी पुरी झाली. ते मला कळलं. मी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकले.

"वय झालं, डॉक्टर," ते म्हणाले. "माझ्या लक्षात नाही राहिलं."

उतरताना ते पुढे चालत होते. निसरड्या जागी थांबून मला हात देत होते. मी तो हात घेत होते.

गाडीत डॉक्टर म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे, पण आता नाही झेपत त्यांना. नजरही गेली असेल. पुढच्या वेळी दुसरा वाटाड्या बघ." मी बघितला. पक्ष्यांवर काम करणाऱ्यांना, बेडकांवर काम करणाऱ्यांना डॉक्टरांनी हेच सांगितलं, मुद्दाम नव्हे, कुणी विचारलं म्हणून. या कामात माणसं थोडी, शब्द लवकर फिरतो. म्झे मघांगांना त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

चार वर्षं गेली. या चार वर्षांत मी गावी कमी जायला लागले. गेले तर त्यांच्या घरावरून जाणारी वाट टाळायची. एकदा वुंडान्यीच्या बाजारात समोरासमोर आलो. ते एका ट्रकमधून कोबीची पोती उतरवत होते. पासष्टीचा माणूस, पाठीवर गोणपाट. मला बघून त्यांनी पोतं खाली ठेवलं, हात पुसले.

"काय गं, सापडली का तुझी गोगलगाय?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही अजून," मी म्हटलं.

"सापडेल," ते म्हणाले, आणि पोतं पुन्हा पाठीवर घेतलं.

त्याच्या दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी मला एक मजकूर टाइप करायला दिला. तैता डोंगरातल्या गोगलगाईंचा अहवाल होता. माझ्या नावाच्या जातीपुढे लिहिलं होतं की ती बहुधा नामशेष झाली असावी. खाली आणखी एक ओळ, की मूळ जागा स्थानिक वाटाड्याला आठवली नाही.

मी ती ओळ टाइप केली. मग खोडली. पुन्हा केली. ती आता छापली जाणार होती, आणि छापलेलं कपाटात शंभर शंभर वर्षं राहतं हे मला इथेच शिकवलं होतं. मी कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. पाहुणे, जॅकेट, देवराई, चिठ्ठी. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर काहीतरी गाळलं असतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकच पोतं?"

"एकच."

"तुझ्या हातच्या दोनशेच्या वर चिठ्ठ्या आहेत या इमारतीत. त्यांचं मी काय करू?"

"त्या खऱ्या आहेत, मॅडम."

"हे तू सांगतेस."

हातातला कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "माझं नाव तरी काढा त्यावरून."

"नाही काढता येत. एकदा रीतसर छापलेलं नाव राहतं. जागा चुकली तर जागेची दुरुस्ती छापतात." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला शिक्षा म्हणून नाही. नियम आहे. दुरुस्ती तू लिहिशील, तुझ्या सहीनं."

मी दाराकडे वळले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आणि मघांगा? ते त्या दिवशी कुठे होते?"

"घरी. मी त्यांना रद्द म्हणून सांगितलं होतं."

"म्हणजे तिथे वर, त्यांना माहीत होतं."

"हो."

त्या खिडकीकडे वळल्या. "त्या माणसाबद्दल मी किती जणांना सांगितलंय," म्हणाल्या. मला उद्देशून नव्हे.

देवराईत शिरायला म्हाताऱ्यांची परवानगी हवी, म्हणून आम्ही दोघी गावी गेलो. मी कुळातल्या सात म्हाताऱ्यांसमोर उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. आई कोपऱ्यात बसली होती, कांग्याचा पदर तोंडावर धरून. शिखराबद्दलचं खोटं त्यांना फारसं कळलं नाही. देवराईतून पोतं भरून नेलं हे मात्र कळलं.

"एक पान नाही, एक काडी नाही, आख्खं पोतं," त्यातले सर्वांत वयस्कर म्हणाले. "आणि कशासाठी? चाळायला. आमची देवराई चाळणीतून काढली या मुलीनं."

कुणी हसलं नाही. मी एक बोकड आणि उसाची दारू द्यायची असं ठरलं. मग डॉक्टरांनी आपलं मागणं सांगितलं. म्हातारे आपसांत बोलले. बाहेरचं माणूस आत जाणार नाही, मशाई तर नाहीच नाही. एकट्या मघांगानं जावं, बघावं, आणि काहीही बाहेर आणू नये.

म्झे मघांगा तिथेच मागे बसले होते. डॉक्टर उठून त्यांच्याकडे गेल्या, गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात ठेवलं. म्झेंनी भिंग उलटसुलट करून पाहिलं, चपला काढल्या आणि आत गेले.

आम्ही बाहेर दगडावर बसून राहिलो. दोन तास झाले असतील. ते बाहेर आले तेव्हा गुडघे चिखलानं भरलेले, हात रिकामे.

"आहेत," ते म्हणाले. "कुजलेल्या ओंडक्याखाली. तीन पाहिल्या."

डॉक्टरांनी वही उघडली. "दात दिसले?"

"एक चालत होती, तिचे कसे दिसणार. दुसरी आत ओढून बसली होती, तिचे मोजले. चार. उजवीकडचा चिरलेला." ते थांबले. "आत खोल अजून एक असावा. बारका. पण उजेड पुरत नव्हता, म्हणून मी चारच सांगतो."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. तो पाचवा दात सूक्ष्मदर्शकाखाली तिरक्या उजेडातच दिसतो. तो फक्त आमच्या छापील लेखात होता, इंग्रजीत, आणि म्झेंना इंग्रजी वाचता येत नाही.

"अंगाचा रंग?"

"पिवळा. अंड्याच्या बलकासारखा. शिंगं लालसर."

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर लिहीत राहिल्या. 'पाहणारा' असं लिहून पुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, एकेका अक्षराची त्यांना विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "म्झे, मी तुमच्याबद्दल जे लोकांना..."

"आधी सगळं लिहून घ्या," ते म्हणाले. "विसरायला होतं. वय झालं की."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि लिहिलं.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोनं किमांगा केला होता, रताळी आणि घेवडा घोटून. डॉक्टर जेवून बाहेर हात धुवायला गेल्या तेव्हा मी बोलायला लागले. बरंच ठरवून आले होते. त्यांनी मला अर्ध्यावर थांबवलं.

"मला वाटलं, तू बोलशील," ते म्हणाले. "उतरताना बोलशील. नाहीतर गाडीपाशी. नाहीतर दुसऱ्या दिवशी येशील. मी आठवडाभर दाराशी बसायचो. मग लोक म्हणायला लागले, मघांगा विसरतो. जो तो म्हणे. इतकं कानावर आलं की मलाच शंका यायला लागली. एकदा हिला विचारलं, त्या शनिवारी मी कुठे होतो गं? खरंच गेलो होतो की काय वर?"

"कोंबड्यांचं खुराडं बांधत होतात," त्यांची बायको चुलीपासून म्हणाली. "तीनदा विचारलंत."

"तीनदा विचारलं," ते म्हणाले.

मी ताटाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, जाऊ दे. आमच्याकडे मोठी माणसं तसं म्हणतात.

"मी जाऊ दे म्हणावं म्हणून तू थांबलीयेस," ते म्हणाले. "ते मला नाही म्हणता येत, मशाई. जेव. गार होतंय."

मी जेवले. त्यांच्या बायकोनं मला दुसऱ्यांदा वाढलं, न विचारता.

दुरुस्ती पुढच्या वर्षी छापून आली, सात ओळींची, माझ्या सहीनं. डॉक्टरांनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून तपासल्या. त्याला चौदा महिने लागले, आणि तोवर मला जंगलात पाठवलं नाही. पक्ष्यांवर काम करणारे लोक म्झे मघांगांना बोलवायला घरी गेले होते, डॉक्टरांनी स्वतः पत्रं लिहिली होती म्हणून. पण कोबीच्या पोत्यांनी गुडघे संपवले होते. ते अर्ध्या चढणीपर्यंत गेले आणि परत आले.

मी गावी गेले की आता त्यांच्याकडे जाते. वाट टाळत नाही. ते बसायला सांगतात, चहा होतो. कधी संग्रहालयातलं काही विचारतात, कधी काहीच बोलत नाहीत. मग मी कप विसळून ठेवते आणि निघते.